बहिणीच्या नावाचा जबडा

माझ्या आईचा जबडा एवढा रुंद होता, की कांगारूचं पिल्लू त्यात दुपारची झोप काढायचं. खोटं वाटतं? शेपूट बाहेर लोंबायची त्याची.

तर आम्ही लहान असताना शहरातले दातवाले दरवर्षी वस्तीत यायचे. तोंडात गुलाबी लगदा कोंबायचे, त्यावरून प्लास्टरचे जबडे बनवायचे आणि हातात एक संत्रं ठेवायचे. मी रांगेत सगळ्यात पुढे. धाकटी बहीण मात्र त्यांच्या गाडीची धूळ दिसली की झुडपात. म्हणायची, तोंडात माती मेल्यावर जाते. मग तिचा फ्रॉक घालून तिच्या नावावरही मीच बसायचे. सलग पाच वर्षं. दोन संत्री मिळायची, एक तिला. बरं, अर्धं.

ती गेली तेव्हा तिची लेक नापुरुर्ला अंगावर पीत होती. गेलेल्या माणसाचं नाव आम्ही घेत नाही, फोटोही ठेवत नाही. एक होता, तो जाळला. पोर माझ्याच मांडीवर वाढली. आईची बहीण म्हणजे आईच. आता त्या पोरीचीच नात टर्शा बारा वर्षांची आहे.

परवा शहरातली एक बाई ते जुने जबडे पेटीतून परत घेऊन आली. टेबलावर ओळीने मांडले, शेवटी टर्शाचा नवा. म्हणाली, पिढीगणिक जबडा अरुंद होत चाललाय; पाव आणि गोड चहा, चावायचं काय त्यात? टर्शाचा सुळा शेजारच्या दातावर चढलाय, दुखतो, सोमवारी अ‍ॅलिस गावच्या दवाखान्यात नेऊन काढायचा. आणि दोन बहिणींचे जबडे इतके सारखे तिने कुठेच पाहिले नव्हते.

मी चहा ढवळत बसले.

नापुरुर्लाने आईच्या नावाचा जबडा उचलला. एकेका दातावरून बोट फिरवत राहिली.

"एवढंच राहिलंय तिचं," म्हणाली.

मला राहवेना. "पोरी, ते दात माझे आहेत. तिच्या जागी मी बसायचे."

"झोपलेल्या पिल्लासारखंच ना हे? आई, आज तरी थापा नको."

मी शपथ घेतली. ती हसली, मग जबडा छातीशी धरून रडली. जन्मभर फेकाफेकी केली, खरं बोलायची वेळ आली तर कोण ऐकणार?

टर्शाला जवळ ओढलं, हस म्हटलं. तिच्या सुळ्यावर ओठ अडकला. माझ्या बहिणीचाही अस्साच अडकायचा. माझ्याबरोबर तेच मांस चावून वाढली, तरी तोंड चिमणीएवढं. नापुरुर्लाला म्हटलं, "हे बघ. हे तुझ्या आईचं."

तिने प्लास्टरवरून नजर काढली नाही. "बघितलाय गं तो दात. सोमवारी काढतायत."

सोमवारी मीही गेले. दात कागदात गुंडाळून मागून घेतला. टर्शाने सुजल्या तोंडाने विचारलं, कशाला हवाय. म्हटलं, कांगारूच्या पिल्लाला खेळायला.

ती हसली. ओठ कुठेच अडकला नाही.