अकरा कोटांची काजं

त्या गावात ज्याला टोपणनाव नाही, तो गावचाच नाही. टेलर म्हणजे मास्तर. गावच्या बँडचा ढोल वाजवणारा लोहार म्हणजे ढोलकाका. आणि डाव्या हाताने पत्रं वाटणारा, ट्रम्पेटही डाव्याच हाताने धरणारा तरुण पोस्टमन म्हणजे डावरा. मास्तरांकडे शिवणकामाला येणारी मुलगी मात्र दोन वर्षं झाली तरी नुसती ‘नवी’. आईची इथल्या दवाखान्यात नर्स म्हणून बदली झाली तेव्हा ती सतरा वर्षांची होती. आता एकोणीस पुरी झाली, पण नवी ती नवीच.

बँडचे अकरा कोट शिवायला आले आणि नेमकी मास्तरांची कंबर धरली. काम नवी करणार म्हटल्यावर ढोलकाकांनी नाक मुरडलं. “एक जरी कोट बिघडला, तर यापुढे आमचं कापड नदीपलीकडच्या टेलरकडे जाईल,” ते म्हणाले. बँडचं काम गेलं तर दुकानात दोघांना पुरेल एवढं शिवण उरत नव्हतं. आपलं इथलं बस्तान आता या कोटांवर आहे, हे पोरीला कुणी वेगळं सांगायला नको होतं.

नदीवरच्या नव्या पुलाच्या उद्घाटनाला बँड वाजणार होता; त्या दिवशी सकाळी बँडवाले कोट न्यायला आले. कोट अंगात चपखल बसले. पण बटणं लावायला गेले आणि एकेकाची बोटं घोटाळली. काजं भलत्याच बाजूला होती, बायकांच्या कपड्यांना असतात तशी. अकराच्या अकरा कोटांना. काज एकदा कापलं की कापलं, त्याला इलाज नाही.

ढोलकाकांचा चेहरा लाल झाला. बाकावर पडलेले मास्तर घाईघाईने म्हणाले, “खुणा मीच चुकीच्या केल्या होत्या.”

मास्तर धडधडीत खोटं बोलत होते. तिने नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. पण त्या म्हाताऱ्याच्या माथी आपली चूक मारणं तिच्या जिवावर आलं.

“मास्तरांची चूक नाही,” ती म्हणाली. “यांचा कोट मी आधी शिवला.” तिने डावऱ्याकडे बोट दाखवलं आणि तिचे कान तापले. “दुकानाला आठवड्यातून एक पत्र येतं, पण हे रोज येतात. काखेत पत्रं धरून डाव्या हाताने सदऱ्याची सुटलेली बटणं लावताना यांची रोज फजिती होते. म्हणून यांच्या कोटाला काजं उलटी केली, मुद्दाम. आणि तोच कोट नमुना म्हणून समोर टांगून बाकीचे दहा शिवले. त्याच्याकडे बघता बघता भानच राहिलं नाही. मला हे आवडतात, त्याला मी काय करू?”

बोलून बसल्यावर तिला वाटलं, आता आईचं बोट धरून पुढच्या बदलीच्या गावी जायचं.

डावऱ्याचा कोट मात्र वरपासून खालपर्यंत केव्हाच लावून झाला होता. तो शांतपणे ढोलकाकांसमोर आला आणि त्यांची बटणं लावायला लागला.

“आजवर मला जो तो सांगत आला, हात बदल,” तो म्हणाला. “कोट बदलणारी ही पहिलीच.”

ढोलकाका शाळेत निघालेल्या पोरासारखे हनुवटी वर करून उभे राहिले. आधी त्यांच्या मिशा हलल्या, मग पोट हललं, आणि ते खो खो हसत सुटले. डावऱ्याने ओळीने बाकी नऊ जणांची बटणं लावली. मास्तर कंबर विसरून उठून बसले.

संध्याकाळी पुलावर बँड वाजला. ट्रम्पेटचे दोन सूर चुकले. वाजवणारा गर्दीत कुणाला शोधतोय हे एव्हाना गावाला ठाऊक झालं होतं. वाजवणं संपल्यावर ढोलकाकांनी भर गर्दीत हाक मारली, “ए डावरे, इकडे ये.”

पोरगी उजव्या हाताची. तरी ती वळली, आणि डोळे पुसत पुढे गेली.

“पुढच्या महिन्यात पँटी शिवायच्यात,” ढोलकाका म्हणाले. “तेवढ्या सुलट्या शिव म्हणजे झालं.”