पोटावर पाच नावे

मित्रांनो, माझे पोट पाहून हसू नका. कुंभाराने माती जरा सढळ हाताने घातली, त्याला मी काय करणार? मी अफूच्या बोंडांची बरणी. बंदराजवळच्या औषधांच्या दुकानात माझा जन्म गेला. बोंडांमध्ये झोप आणणारे विष असते, म्हणून मला सगळ्यांत उंच फळीवर ठेवत.

दुकानात देशोदेशीची माणसे येत. कोणी नव्या भाषेत बोंडे मागितली, की औषधवाल्याची बायको ते नाव त्याच्याकडून नीट वदवून घेई आणि बारीक कुंचल्याने माझ्या पोटावर रंगवी. पॉपी, पाव्हो, मोन, पापावेरो, माक.

"अगं, बरणी आहे की गावची भिंत?" औषधवाला चिडवायचा.

"हसा तुम्ही! विषाचं नाव सगळ्यांना कळायला हवं," ती म्हणायची. मला तर नटायला आवडेच.

एका दुपारी एक परदेशी बाई धावतच आत आली. कडेवरच्या तान्ह्या बाळाने मान टाकली होती, ओठ निळसर पडले होते. ती रडत काहीतरी सांगत होती, पण औषधवाल्याला एक अक्षर कळेना. एकच शब्द पुन्हा पुन्हा येत होता, "माक".

"अहो, माक!" बायको ओरडली. "माझ्याच हातानं लिहिलंय मी ते!"

तिने मला खाली ओढले. त्या घाईत माझे झाकण फुटले, पण ते असो. तिने एक बोंड आईसमोर धरले. आईने जोरात होकारार्थी मान हलवली आणि वाटी तोंडाला लावल्याची खूण केली. बाळ रडायचे थांबावे म्हणून घरात कोणीतरी बोंडांचा काढा पाजला होता.

औषधवाल्याने बाळाला उचलले आणि शेजारच्या डॉक्टरांकडे धूम ठोकली. पोटात काय गेले ते कळल्यामुळे डॉक्टर चाचपडत बसले नाहीत. ते कितीतरी वेळ बाळाला श्वास देत राहिले.

औषधवाला परतला, तेव्हा बायको दारातच उभी होती.

"रडलं का हो?"

"रडलं! सगळा दवाखाना डोक्यावर घेतलाय."

ती आत आली आणि मला कवटाळून स्वतःच रडू लागली. इतकी माया मला कधीच मिळाली नव्हती.

आता ते दोघे नाहीत. बोंडेही कोणी ठेवत नाही. माझ्यात छत्र्या खोचतात. काल त्यांची नातसून म्हणाली, "हे रंगाचे डाग घासून काढते." मित्रांनो, तिला कोणीतरी सांगा. छत्र्या खुशाल ठेव म्हणावे, पण माझी नावे पुसू नकोस. त्यांतल्या एका नावामुळे एक आई रिकाम्या हातांनी घरी गेली नाही.