गच्चीवरच्या टबाचा वास

अख्ख्या अमडापुरात गच्चीवर गरम पाण्यात बसायचा हॉट टब असलेलं घर एकच, आणि त्या टबाची राखण पूनमच्या गळ्यात. तिच्या नवऱ्यानं, शिवमनं, तो आईच्या गुडघ्यांसाठी हौसेनं आणला होता. हौसेला मोल नसतं म्हणतात. पण हौस एकाची आणि निस्तरायची दुसरीनं, हे कोणी सांगत नाही!

आठवड्यातच पाण्याला वास सुटला. नाकात झोंबणारा, डोळ्यांतून पाणी काढणारा. शिवम गच्चीवर यायचा, नाक दाबायचा. "क्लोरीन जास्त हून राह्यलं. कमी टाकत जाय." पूनम कमी टाकायची, वास आणखी चढायचा. मग तिच्या माहेराचा उद्धार ठरलेला.

शेवटी तिनं मलकापूरच्या दुकानदाराला फोन लावला.

"ताई, हा वास क्लोरीन जास्त झाल्याचा नसते, कमी पडल्याचा असते," तो म्हणाला. "घाम, तेल पाण्यात उतरलं की दवा त्यातच खपते, अन् मंग वास मारते. एकडाव भरपूर टाका, झाकण उघडं ठेवा, त्या दिवशी कोणी उतरू नका. पुढं क्लोरीनऐवजी ब्रोमीन घ्या. गरम पाण्यात टिकते, वासही कमी. पण आधी आंगाले तेल लावून उतरणं बंद करा."

तेल! तिथंच तर घोडं पेंड खात होतं. तिची सासू आशाबाई लसूण घालून कढवलेलं तिळाचं तेल गुडघ्यांना चोपडूनच टबात उतरायची. आता सासूला 'आधी अंग धुऊन या' म्हणायचं? त्या घरात असं पाहुण्याला म्हणत नाहीत, सासूला कुठलं! बोलावं तर सून उद्धट, गप्प बसावं तर सून वेंधळी. पूनमला अगदी रडू यायचं.

पण त्या संध्याकाळी गच्चीवर तिला आशाबाईच्या पोटऱ्यांवर लाल पुरळ दिसलं. उद्या शिवमनं ते पाहिलं की खापर तिच्याच डोक्यावर. मन घट्ट करून ती बोलली, "आई, तेल धुऊन उतरत जा ना. तेलानं पाणी खराब हून राह्यलं."

आशाबाई रागावली नाही. जिन्याकडं बघून हळूच म्हणाली, "मले का हौस हाय व? ते पाणी आंगाले झोंबते, म्हणून तेल लावतो. मले तं त्यात बसाचंच नाही."

"मंग बसता काऊन?"

"पोरानं एवढ्या जिवानं आणलं. गावभर सांगत फिरते, आईसाठी आणलं म्हणून. त्याले नाही कसं म्हणू? तूच सांग."

"मी सांगतलं तं म्हणतीन, सासूचं सुख हिले पाहावलं नाही."

हे खरंच होतं. तेवढ्यात जिन्यात पावलं वाजली. आशाबाई लगबगीनं टबात उतरली आणि पुरळ आलेले पाय पाण्याखाली गेले.

"कसं वाटून राह्यलं, आई?"

"लय बरं वाटते, बापा."

शिवमचा चेहरा खुलला. आज त्याचा मूडच वेगळा होता, वासाचंही काही बोलला नाही. बायकोकडं वळून म्हणाला, "तूही बस ना आईपाशी. रोज बसत जा दोघी. लाजते काऊन?"

पूनमनं सासूकडं पाहिलं. आशाबाईनं बाजूला सरकून तिच्यासाठी जागा केली.