अनंताच्या तबकड्या

नीराबाईने जाड पुठ्ठ्याचा अल्बम फळीवरून ओढून काढला, केरसुणीने त्याच्यावरची धूळ झटकली आणि ओटीवर बसलेल्या रावजींपुढे आदळला.

"न्या. घर तरी मोकळं होईल."

रावजी अलिबागच्या लग्नाच्या बँडचे मास्तर. त्यांनी अल्बम जपून उघडला. आत कागदी खिशांत सहा तबकड्या होत्या. वरच्या चित्रात पांढऱ्या कोटातले वीस वादक तीन रांगांत बसले होते.

"वयनी, वीस वर्सं जुन्या हाईत या. पन मुंबईत अजून ह्याच चाली मागतात. आता आपल्याकडची पोरंबी वरातीत मागाया लागली."

"पोरांना काय, डबा बडवला तरी नाचतात."

नवऱ्याच्या वस्तूंपैकी हीच एक ती घरात सहन करू शकत नव्हती. अनंता मुंबईच्या एका हॉटेलात क्लॅरिनेट वाजवायचा. दारूबंदी आली, हॉटेलातला नाच बंद पडला. पुढचे दात पडल्यावर क्लॅरिनेटही सुटलं. मग तो हा अल्बम आणि चावीचा ग्रामोफोन घेऊन गावी, थळला आला, आणि अकरा वर्षं रोज दुपारी जेवण झालं की तबकड्या लावून बसला. वाडीतले नारळ उंदीर पोखरत होते, विहिरीचा रहाट मोडला होता. हा डोळे मिटून पाय हलवायचा.

"गोठ्यातल्या सगळ्या म्हशी एकदम हंबरल्यासारखं वाटतं," ती म्हणायची. "एकाला काय सुचत न्हाय, म्हनून वीसजन मिळून वरडतात."

तो कधी चिडला नाही. उलट हसायचा. ती पडवीमागे जाऊन मुद्दाम भांडी आपटायची.

गेल्या भादव्यात तो वारला. तेव्हापासून ग्रामोफोन बंदच होता.

वैशाखात तिची पुतणी मैना हिचं लग्न निघालं. रावजींचा बँड मांडवाबाहेर उभा राहिला. आधी नेहमीच्या चाली झाल्या, मग एक नवीनच चाल सुरू झाली. पोरं शिट्ट्या मारू लागली. पंगतीत भात वाढणारी नीराबाई जागच्या जागी थांबली, आणि हातात भाताचं भांडं तसंच धरून मांडवाबाहेर आली.

"थांबवा ते."

रावजींनी हात वर केला. बाजे एकेक करून गप्प झाले.

"काय झालं वयनी?"

"हे काय वाजवताव?"

"तुमच्याच तबकडीतलं हाय. तिसरी."

"चौथी. तिसरीत सुरवातीला ढोल हाय."

मागच्या रांगेतला एक वादक हसला. नीराबाईने त्याच्याकडे शिळ्या मासळीकडे बघावं तसं बघितलं.

"एवढे धावताव कशाला? मागं कुत्रं लागलंय? मोठे बाजे दोनदा विचारतात. मंग सगळे गप. एक दम घेतात. आनि मंग तो काळा बाजा हळूच घुसतो, पंगतीला उशिरा आलेल्या मानसासारखा. तुमचा तर पान मांडायच्या आधीच येऊन बसला."

क्लॅरिनेटवाला दादू, साठीचा माणूस. त्याने बाजाचं तोंड सदऱ्याला पुसलं.

"किती उशिरा, बाय?"

हे तिला सांगता येईना. तिने भांडं डाव्या हातात घेतलं, भाताने माखलेला उजवा हात मांडीवर आपटायला सुरुवात केली. ठोका नेमका ठेक्यावर पडत नव्हता, किंचित मागून येत होता. दादू तिच्या हाताकडे बघत राहिला. रावजींनी मान हलवली.

मोठे बाजे दोनदा बोलले. मग सगळं थांबलं, इतकं की पंगतीतल्या द्रोणांचा आवाज ऐकू आला. दादूने वाट पाहिली, अजून थोडी पाहिली, आणि शिरला.

कोणी शिट्टी मारली नाही. पण मांडवाच्या खांबाला टेकलेल्या म्हाताऱ्यांचेही पाय हलू लागले.

"जमलं?" चाल संपल्यावर रावजींनी विचारलं.

"कुठं जमलं? आधी मयताची वाजवत होताव, आता बारशाची वाजवताव, एवढंच."

आतून जाऊ सोनूबाईची हाक आली, "नीरा, पंगत खोळंबलीय गं!"

नीराबाईने जवळून जाणाऱ्या बाईच्या हातात भाताचं भांडं दिलं. नवरदेवाकडच्या मंडळींसाठी मांडलेल्या खुर्च्यांपैकी एक ओढली, बँडच्या अगदी समोर ठेवली आणि पदर सावरून बसली.

"हं," ती रावजींना म्हणाली, "आता पाचवी कशी बिघडवताव ते बघू."