ड्वेनने वाकडी ठेवायला हवी होती ती मशीन

ड्वेन त्याची टेपची मशीन दुरुस्त करून आणतोय हे मला आधी कळलं असतं, तर मी त्याला दारातच अडवलं असतं. पण त्याने सांगितलं ते टेप लावल्यावर. तेही मोठ्या अभिमानाने.

आमच्या एल्किन्स गावात वर्नाची गाणी घरोघरी आहेत. तिचं बोलणं मात्र कुठल्याच रेकॉर्डवर नव्हतं. घशाच्या ऑपरेशनात तिचा आवाज गेला तो कायमचाच, आणि नात टेसी जन्मली त्यानंतर. गाणारी ती बाई आपली आजी आहे, हे त्या पोरीला काही केल्या पटेना. शेवटच्या कार्यक्रमात वर्नाच्या बँजोची तार तुटली होती आणि नवी चढवेपर्यंत ती लोकांशी गप्पा मारत होती. तो कार्यक्रम ड्वेनने आपल्या मशीनवर भरला होता, म्हणून ते सगळं फक्त त्याच्या डिजिटल टेपवर होतं. ते डिस्कवर उतरवून घ्यायला नातीला घेऊन वर्ना माझ्या स्टुडिओत आली होती.

टेप फिरू लागली. स्पीकरमधून नुसती कटकट, मग तीही बंद. साधी कॅसेट निदान घोगरी तरी वाजते. ही टेप म्हणजे वाचता आली तर लख्ख, नाहीतर मुकी.

"आता तर मशीन अगदी सरळ करून आणलीय," ड्वेन म्हणाला. "कारागीर म्हणाला, आत टेप वर्षानुवर्षं तिरकी चालत होती."

मी टेप थांबवली. तिरक्या मशीनने भरलेली टेप तशाच तिरक्या मशीनला वाचता येते, हे आम्हा टेपवाल्यांना पाठ असतं. ड्वेनलाही पाठ होतं. वर्नाच्या टेपसाठी सगळं नीटनेटकं हवं, या प्रेमापोटी गडी तेवढंच विसरला. त्याच्या बाकीच्या टेपा तळघरात पाणी शिरलं तेव्हा गेल्या होत्या, त्यामुळे आधी दुसरीवर करून बघू म्हणायचीही सोय नव्हती.

उपाय एकच होता. टेप चालू ठेवून आतला स्क्रू फिरवायचा आणि मशीन पुन्हा वाकडी करायची. हात जरा जास्त गेला तर टेपची कड चुरगळणार, मग कुणीच काही करू शकणार नाही. मी हे वर्नाला काही न लपवता सांगितलं. ड्वेनने तर मान खाली घातली होती.

वर्नाचे ओठ हलले. ओठ वाचून तिचं बोलणं टेसीच सगळ्यांना सांगायची.

"आजी म्हणते, ड्वेननेच फिरवायचं. आणि रडत रडत फिरवायचं नाही."

ड्वेनने डोळे पुसले आणि स्क्रूड्रायव्हर हातात घेतला. मी डिस्क लावली, रेकॉर्डिंग सुरू केलं आणि टेप पुन्हा चालू केली. तो केसभर फिरवायचा आणि थांबायचा. काही नाही. पुन्हा केसभर. गाणी मुकीच सरकून चालली होती, तार तुटायची वेळ जवळ येत होती, आणि टेप मागे नेऊन पुन्हा चालवण्यात धोका होता. टेप कुठेतरी आत घासल्यासारखी वाजली, तेव्हा मला वाटलं, संपलं. थांब म्हणावं म्हणून मी तोंड उघडलं, पण तेवढ्यात ड्वेनने आणखी थोडं फिरवलं.

"…तुटायची होती तर आधी तुटायचं ना गं बाई," खोली भरून आवाज आला. "बसा आता. तोवर आमच्या आंधळ्या कोंबडीची गोष्ट ऐका."

ड्वेनचा हात स्क्रूवर तसाच होता, काढायची त्याला भीती वाटत होती.

टेसीने स्पीकरकडे पाहिलंच नाही. ती आजीकडे बघत होती. वर्नाला ती गोष्ट शब्दन् शब्द आठवत होती आणि तिचे ओठ त्या आवाजाबरोबर हलायला लागले होते. टेसी हळूच पुढे सरकली, तिने आजीच्या ओठांवर बोट ठेवलं आणि पुढचं सगळं तसंच ऐकलं.