सोनूच्या नावाची बाटली

वाघाची वाट पाहण्यात दुर्गेशचा हात धरणारा दुसरा गाईड नागझिऱ्यात नव्हता. पाणवठ्यापाशी जिप्सी थांबवून तो दोन-दोन तास हूं की चूं न करता बसे आणि कंटाळलेल्या पाहुण्यांना नुसत्या बोटाने गप्प करी. पण चैत्रातल्या त्या सोमवारी, आरोग्य केंद्रामागच्या बदामाखाली, त्याच्याच दोन वर्षांच्या पोरीने, सोनूने, त्याला पाऊण तासात रडकुंडीला आणलं.

सोनूला तीन दिवस ताप होता. सर्दी नाही, खोकला नाही. मलेरियाची तपासणीही कोरी आली. तेव्हा डॉक्टरांनी लघवी तपासायला सांगितली आणि लॅबच्या रीना मॅडमने सोनूच्या नावाची चिठ्ठी लावलेली बाटली दुर्गेशच्या हातात ठेवली. बायको रुख्मा आजारी आईपाशी नवेगावबांधला गेलेली, म्हणून सात वर्षांची थोरली लेक भूमिका सोबत आली होती. दुर्गेशने पाणी पाजलं, नळ सोडून दाखवला, तोंडाने सू-सू करून पाहिलं. सोनू बाटली दिसली की पाय आवळून घेई. इकडे दीड वाजत आला. अडीचला गेटवर नागपूरचे पाहुणे येणार होते. त्यांनी नाव घेऊन दुर्गेशच मागितला होता, आणि हा मान त्याला पहिल्यांदाच मिळत होता.

त्याने भूमिकाकडे पाहिलं. "तुले लागली का वो?"

"हो बाबा."

"मंग यात कर. अन् कोणाले सांगू नोको."

एका घरची, एका ताटात जेवणारी लेकरं. एकीची काय अन् दुसरीची काय, असं त्याने स्वतःला पटवलं. घाईतल्या माणसाला काहीही पटतं.

रीना मॅडमने कागदाची पट्टी बाटलीत बुडवून काढली. तिच्यावरचा एक चौकोन जंतूंची खूण दाखवतो, दुसरा पांढऱ्या पेशींची. लघवीत बिघाड असला की त्यांचा रंग पालटतो. त्या दोन मिनिटं पाहत राहिल्या. रंग पालटला नाही. "साफ आहे," त्या म्हणाल्या. डॉक्टरांनी तापाचं औषध दिलं, दुर्गेशचा जीव भांड्यात पडला, आणि पोरींना शेजारी सोडून तो वेळेवर गेटवर हजर झाला.

ताप उतरला, चढला, पुन्हा उतरला. घरी परतलेली रुख्मा दर वेळी विचारी, "लघवी आणखी एकदा तपासाची का?" आणि दुर्गेश म्हणे, "साफ आली ना एकदा." खरं सांगायची त्याला लाज वाटे. त्या लाजेपायी अठरा दिवस गेले. एकोणिसाव्या दिवशी सोनू थंडीने कुडकुडू लागली, पाण्याचा घोटही पोटात ठरेना, आणि तिला गोंदियाच्या मोठ्या दवाखान्यात भरती करावं लागलं.

तिथे पट्टीचा रंग लगेच पालटला. सोनोग्राफी झाली. डाव्या किडनीत पू धरला होता.

"जीव वाचेल," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण डाव्या किडनीचा बराच भाग गेला, तो परत येत नाही. पहिल्याच तापात सापडलं असतं तर आठ-दहा दिवसांच्या औषधात पोर मोकळी झाली असती. तेव्हा लघवी साफ होती म्हणता?"

"साफच होती जी," रुख्मा म्हणाली. "मीच कमी पडली. मीच पोरीले ओल्या चड्डीत ठेवली असन." तिने कपाळावर हात मारून घेतला.

दुर्गेशने तेव्हाही खरं सांगितलं नाही. राग यावा अशीच ही गोष्ट आहे, आणि त्याचा त्यालाही आला.

तो बाहेर व्हरांड्यात आला. बाकावर भूमिका पायाला पाय घट्ट लावून बसली होती. तिचे डोळे भरले होते.

"काऊन रडून राहिली? लागली का? चाल, नेतो."

तिने मान हलवली. "मी नाही करत आता. कालपासून नाही केली."

"काऊन?"

"माह्या लघवीनं सोनूले झालं ना, बाबा? तुमी म्हणलं म्हणून मी कोणालेच नाही सांगतलं."

एका पोरीची किडनी गेली होती, आणि त्याचं पाप दुसरी एकटी मनात घेऊन बसली होती. दुर्गेश तिला हाताला धरून आत घेऊन गेला आणि डॉक्टरीणबाईंसमोर, रुख्मासमोर, सगळं बोलला. बदाम, बाटली, नागपूरचे पाहुणे. काही वगळलं नाही.

डॉक्टरीणबाईंनी कागदावरची एक ओळ खोडून दुसरी लिहिली. रुख्माने नवऱ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तिने भूमिकाला ओढून मांडीवर घेतलं.

"तुह्या लघवीत काही नोहोतं, माय. तुही साफ होती."

भूमिका हुंदके देऊ लागली, आणि कालपासून धरून ठेवलेली लघवी तिने आईच्या मांडीवरच सोडली. लुगडं भिजलं, फरशीवर ओघळ आला. रुख्माने तिला उतरवलं नाही, आणखी घट्ट धरलं. आपल्या खांद्यावरचा दुपट्टा काढून दुर्गेश फरशी पुसायला खाली बसला, तसे रुख्माने आपले पाय त्याच्यापासून बाजूला घेतले.