अप्पांचं खोगीर

भुरीनं कान मागं पाडले, तिरकी तिरकी सरकली आणि दुकानाच्या भिंतीला अंग लावून उभी राहिली. पिठाची पोती रस्त्यावर तशीच. अप्पांची थोरली लेक दोन्ही हातांवर खोगीर तोलत तिच्यापुढं ताटकळली होती, आणि खोगीर काही हलकं नव्हतं.

"खोगीर चढवतेस की तिची मनधरणी करतेस?" दुकानदार ओट्यावरून म्हणाला.

"वाऱ्यानं बुजलीय."

"वारा काय आजच सुटलाय? काल काय झालं होतं तिला? आणि परवा?"

वारा खरंच सुटला होता. डोंगरावरून खाली येणारा कोरडा, बोचरा वारा, धुळीचे लोट दुकानाच्या पायरीपर्यंत आणून टाकणारा. पण भुरीनं असे बारा-पंधरा हिवाळे काढले होते.

पलीकडं तपकिऱ्या आपल्या खेचराच्या पोटाखालचा पट्टा आवळत होता. गावात खेचरं दोघांचीच उरली होती, एक त्याचं आणि एक अप्पांचं, म्हणजे ही भुरी. त्यानं नाकात चिमूट भरली, सावकाश शिंकला आणि म्हणाला, "अप्पांनी लाडावून ठेवलीय तिला. धनी गेला की जनावर माजतं. कान पिळ एकदा चांगला."

"तुमचं खेचर तुमचं ऐकतं का काका?"

"माझं? माझं खेचर आमच्या हिच्यासारखं आहे. ऐकत काडीचं नाही, पण ओझं नेतं."

"सांगू का काकूला?"

"सांग की. तुझं तरी ऐकते का बघू."

ओट्यावरचे हसले. तपकिऱ्यानं येऊन भुरीचा दोर आखूड धरला, थोरलीनं खोगीर चढवलं. ते पाठीवर टेकताक्षणी भुरीची कातडी मानेपासून शेपटापर्यंत थरथरली. थोरलीनं पाहिलं, आणि पट्टा आवळला.

गाडीरस्ता त्या दुकानापाशी संपायचा. पुढं दगडाची पायवाट, मध्येमध्ये मुरमाचा घसरडा उतार, आणि वर घरं. पीठ, मीठ, खत, पत्रे, खिडक्यांच्या काचा, जे काही वर लागायचं ते खेचराच्या पाठीवरून जायचं. अप्पांनी जन्मभर तेच केलं. थंडीच्या तोंडावर दोन दिवस ताप आला आणि अप्पा गेले. त्यांच्यामागं वाट, खेचर आणि खोगीर थोरलीकडं आलं. धाकटी बहीण लांब नांदत होती. ती आली, रडली, भांडी घासून पालथी घातली आणि निघताना म्हणाली, "चल माझ्याकडं. एकटी काय करणार इथं?"

"भुरीला कुठं ठेवू?" थोरलीनं विचारलं होतं.

अडलं होतं ते भुरीमुळं नव्हतं, पण सांगायला ते बरं होतं. धाकटीलाही ते बरं वाटलं.

घर म्हणजे खाली गोठा आणि वर फळ्यांच्या जमिनीची एक खोली. फळ्यांच्या फटींतून खालची ऊब वर यायची, आणि भुरीनं पाय बदलला की तो आवाज यायचा. संध्याकाळी थोरली चुलीपाशी बसून त्या आवाजाशी बोलायची. आज सुताराच्या म्हातारीनं दार उघडलंच नाही गं, पोतं उंबऱ्यावर ठेवून आले. खालून पाय वाजायचा. एवढ्यावर तिचं भागत होतं.

खोगीर मात्र ती गोठ्यात ठेवत नसे. रोज वर आणायची, कोरड्या फडक्यानं पुसायची, वाद्यांना तेल लावायची आणि अप्पांच्या खाटेवर ठेवायची. रिकामी खाट बघवत नव्हती. जाड तागाच्या कापडाची दोन उश्यांसारखी अंगं, आत ठासून भरलेला पेंढा, आणि कडेनं अप्पांची शिवण. डाव्या बाजूचे टाके सरळ, उजव्या बाजूचे वाकडे, कारण त्यांचा उजवा अंगठा वळत नव्हता. त्या वाकड्या टाक्यांवरून ती बोट फिरवायची. ती शिवण तशीच ठेवायची, एवढं तिनं मनाशी पक्कं केलं होतं.

बाजाराच्या दिवशी जनावरांच्या संस्थेची जीप आली. वर्षातून कधीमधी यायची. तीत एक डॉक्टरबाई आणि एक अबोल ड्रायव्हर. जीपचा आवाज ऐकला की तपकिऱ्या आपलं खेचर दुकानामागं नेऊन बांधायचा आणि चेहऱ्यावर असा भाव आणायचा, जणू आयुष्यात त्यानं खेचर पाहिलेलंच नाही. अप्पांचं उलटं. ते भुरीला सगळ्यांच्या आधी पुढं न्यायचे, खोगीर उतरवायचे आणि गप्प उभे राहायचे. डॉक्टरबाई पाठीवरून हात फिरवून म्हणायच्या, "अशी पाठ मला अख्ख्या डोंगरात दाखवा." मग अप्पा चार दिवस हवेत असायचे.

म्हणून थोरलीही पुढं गेली. तेवढं एक वाक्य ऐकायला गेली.

डॉक्टरबाईंनी आधी विचारलं, "अप्पा?"

"गेले. थंडीच्या सुरुवातीला."

बाईंनी तिच्या दंडाला हात लावला, क्षणभर ठेवला. मग तोच हात सवयीनं खोगिराखाली घालू लागल्या. तो आत जाईना. भुरी बाजूला झाली. बाईंनी पट्टा सोडला, खोगीर उचललं, आणि ओट्यावरची माणसं पुढं झुकली.

खांद्याच्या उंचवट्यावर तळहाताएवढी जागा सोलून निघाली होती. कडा ओल्या, मधे लालभडक, आणि खोगिराच्या अस्तराला केस चिकटलेले.

"हे कधीपासून?"

"आत्ताच झालंय."

बाईंनी तिच्याकडं फक्त पाहिलं. थोरलीनं मान खाली घातली. केस विरळ झालेले तिनं बघितले होते. घामानं झालं असेल, थंडीनं झालं असेल, जाईल, असं म्हणत ती रोज वरून फडकं टाकत होती.

"मी मारत नाही तिला," ती म्हणाली. "आमच्या घरात काठीसुद्धा नाही. कुणालाही विचारा."

"काठीनं असं होत नाही." बाईंनी खोगीर उलटं करून गुडघ्यावर घेतलं आणि अंगठा दाबला. अंगठा जराही आत गेला नाही. "पेंढ्याचा दगड झालाय. उसवलं कधी शेवटचं?"

"अप्पांनी. गेल्या उन्हाळ्याच्याही आधी."

"ते तर दर हंगामाला उसवायचे. इथंच, या पायरीवर बसलेले पाहिलंय मी. जुना पेंढा काढायचा, झटकायचा, नवा भरायचा, पाठीवर बसवून बघायचं, परत काढायचं. त्या शेवटच्या वर्षी राहून गेलं असेल. तुम्ही का नाही केलंत?"

"हे उसवायचं नाही."

"का?"

थोरलीनं हात पुढं केला. "द्या ते इकडं."

बाईंनी दिलं. मग जखम धुतली, मलम लावलं, मलमाची डबी थोरलीच्या हातात ठेवली, आणि आवाज न चढवता म्हणाल्या, "जखम भरेपर्यंत पाठीवर काही ठेवायचं नाही. फडकंसुद्धा नाही. मी परत येईन. तेव्हा हेच खोगीर असंच्या असं चढवलेलं दिसलं, तर भुरीला घेऊन जाईन. आमच्या आवारात राहील. मला आवडणार नाही ते, पण नेईन."

"अप्पा असते तर असं बोलला असतात?"

"अप्पा असते तर बोलावं लागलं नसतं."

थोरली दोर धरून वर निघाली. खोगीर तिनं स्वतःच्या डोक्यावर घेतलं होतं. मागून कुणी हसलं नाही, हसले असते तर सोपं गेलं असतं.

त्यानंतर ती स्वतः ओझी वाहू लागली. पोतं सोडून निम्मं करायचं, पाठीवर बांधायचं, मुरमाच्या उतारावर हात टेकत वर जायचं. एक खेप व्हायची तिथं दोन, कधी तीन. घरोघरची माणसं दार उघडून पीठ घ्यायची आणि "भुरी कुठाय?" म्हणून विचारायची. "विसाव्याला," ती सांगायची. सगळ्यांना सगळं माहीत होतं. तरी विचारायची.

संध्याकाळी पाठ टेकवली की खालचा पाय वाजायचा. पण बोलायचं काय, ते आता सुचत नव्हतं.

जखमेवर खपली धरली तसा तपकिऱ्या वर आला. दारातच उभा राहिला, कारण आत अप्पांच्या खाटेवर खोगीर होतं आणि त्याला ते बघून अवघडल्यासारखं झालं.

"किती दिवस पाठ मोडून घेणार आहेस?" तो म्हणाला. "एक सांगतो. राख घे, तेलात कालव, खपलीवर लाव. राखेच्याच रंगाचं जनावर आहे, देवालासुद्धा दिसायचं नाही. त्यावर मऊ कापड, त्यावर खोगीर. बाई आली की मला हाक मार, दोन्ही खेचरं दुकानामागं."

"आणि दुखलं तर?"

"दुखणार. मला दुखत नाही का? कंबर धरून सकाळी उठतो मी. तिला कोण मलम लावतं?" मग थोडा घुटमळला. "नेलं ना तिला, तर तू या घरात काय करशील, ते मला नीट दिसतंय. म्हणून सांगतो."

तो गेल्यावर थोरलीनं चुलीतली राख काढली. वाटीत तेल ओतलं, बोटानं कालवलं. हुबेहूब भुरीचा रंग झाला. ती वाटी घेऊन खाली उतरली.

गोठ्याच्या दारातून ऊन आत आलं होतं. भुरी दावणीपाशी मोकळी उभी होती. थोरलीच्या हातात खोगीर नव्हतं, पट्टा नव्हता, दोरही नव्हता. तरी भुरीनं तिला पाहिलं, कान मागं पाडले, तिरकी सरकत कोपऱ्यात गेली आणि भिंतीला अंग लावून उभी राहिली.

थोरली जागच्या जागी थांबली. एक पाऊल मागं झाली. भुरीचे कान थोडे सैल झाले. परत पाऊल टाकलं, परत मागं पडले.

या घरात तिला ओळखणारा एकच जीव उरला होता, आणि तो तिला भीत होता.

तिनं वाटी बाहेर उकिरड्यावर उपडी केली. वर गेली, खोगीर उचललं, अप्पांची दाभणसुई आणि पातीचा चाकू घेतला, आणि अंगणात उन्हात बसली. डावी बाजू आधी घेतली, ती सोपी होती. टाके एकेक करून तटातट तुटले. उजव्या बाजूला आली तेव्हा चाकू नुसता धरून बराच वेळ बसली. खाली दुकानापाशी कुणीतरी कुणाला हाका मारत होतं, ओ मिळत नव्हती. मग तिनं पहिला वाकडा टाका कापला. पुढचे त्याच्यामागून गेले.

आत पेंढाच होता. काळा पडलेला, घामानं घट्ट झालेला, विटेसारखे तुकडे पडणारा. आपल्याला काय सापडेल असं वाटत होतं, ते तिला सांगता आलं नसतं. ती तुकडे काढत गेली आणि पोत्यात भरत गेली. टाकायचे नाहीत, ठेवायचे, असं तिनं ठरवलं होतं.

पाठीमागं काहीतरी खसफसलं. भुरी गोठ्यातून बाहेर येऊन पोत्यात तोंड घालून उभी होती. वर्ष-दोन वर्षांचा घाम मुरलेला तो पेंढा खारट असणार. भुरीनं काड्यांची एक वळी ओढली, मान हलवून झटकली आणि डोळे मिटून चावायला लागली.

"अगं, सोड ते," थोरली म्हणाली. "कुजकं आहे ते. पोट बिघडेल तुझं."

भुरीनं ऐकलं नाही. थोरलीनं तिच्या तोंडातून उरलेली वळी ओढली, भुरीनं आपल्या बाजूनं ओढली, आणि त्या ओढाओढीत थोरलीला हसू फुटलं. हसता हसता रडू फुटलं. तिथं पाहायला कुणी नव्हतं, म्हणून तिनं ते आवरलं नाही. शेवटी तिनं पोतं उचललं आणि सगळा पेंढा शेताच्या बांधाशी नेऊन मातीत पसरला.

नवा पेंढा तपकिऱ्याच्या बायकोनं दिला. वर म्हणाली, "आमच्या ह्यांना सांगू नको. नाहीतर सांग. त्यांचंही खोगीर उसवायला झालंय, तेवढंच लाज वाटून हलतील."

भरताना थोरली तीनदा चुकली. पहिल्यांदा अप्पांचा आकार आठवून भरलं, तर खोगीर पाठीवर डुगडुगलं. तेव्हा तिनं पहिल्यांदा भुरीच्या पाठीवरून दोन्ही हात सावकाश फिरवले, जखम टाळून, कण्याच्या दोन्ही अंगांनी. पाठ खाली बसली होती. कण्याचे मणके वर आले होते. भुरी म्हातारी झाली होती. अप्पांनी ज्या पाठीसाठी ते शिवलं होतं ती पाठ आता नव्हतीच. तिनं परत उसवलं, कण्याच्या जागी पोकळी ठेवली, कडेला भर घातली. परत बसवलं, परत काढलं. तिचे टाके ना सरळ होते ना वाकडे, नुसते मोठेमोठे होते.

जीप पुन्हा आली तेव्हा वारा पडला होता. जखमेच्या जागी पांढरे केस उगवले होते. दुकानापाशी भुरीच्या पाठीवर निम्मंच ओझं होतं, आणि तपकिऱ्याचं खेचर दुकानामागं होतं, नेहमीसारखं.

डॉक्टरबाईंनी खोगिराखाली हात घातला. तो कोपरापर्यंत सरळ गेला. त्यांनी दुसऱ्या बाजूनं घातला, थांबल्या, बोटं हलवून पाहिली.

"कुणी भरलं?"

"मी."

"डावीकडं जरा जास्त झालंय. पुढच्या हंगामात भराल तेव्हा तिथं मूठभर कमी घाला."

एवढंच बोलून त्या दुकानामागं गेल्या, आणि तिकडून तपकिऱ्याचा आवाज ऐकू आला, "हे? हे कुणाचं खेचर आहे, मला काय माहीत बाई."

थोरलीनं दोर हातावर गुंडाळला. मुरमाचा उतार लागला तसा तिनं तो सैल सोडला. भुरी पुढं झाली, दगड बघत बघत, आपल्या चालीनं. वळणावर ती दम घ्यायला थांबली, आणि मागं वळून थोरली येते का ते पाहिलं.

"येते," थोरली म्हणाली. "तू चल."